थांबाबाईंची दहा मिनिटं

माझी वहिनी नोकरीत होती तेव्हा तिला कुणी थांबाबाई म्हटलं असतं, तर अख्खं बसस्थानक पोट धरून हसलं असतं. चौकशीच्या खिडकीत बसायची ती. खिडकीला जाळी, जाळीत बशीएवढं भोक आणि भोकापलीकडे वहिनी. माणूस तोंड उघडून "ती बस..." एवढं म्हणतोय तोवर आतून उत्तर यायचं, "चार नंबरचा फलाट, उशिरा आहे, बाकावर बसून घ्या. पुढचे!" लोकांना वाटायचं, ही मनातलं ओळखते. मनातलं-बिनातलं काही नाही. तेच तेच प्रश्न ऐकून तिला माणसाच्या पिशवीवरून त्याचं गाव कळायला लागलं होतं, इतकंच. घरीही तोच खाक्या. मी तिची एकुलती एक नणंद. मी भांडायला तोंड उघडावं, तर माझ्या वाटचं भांडणही तीच भांडून मोकळी व्हायची. आणि माझ्यापेक्षा बरं भांडायची, याचा मला जास्त राग यायचा.

माझा मोठा भाऊ, दादा, तिला साजेसाच होता. घाऊक भाजीबाजारात तो लिलाव पुकारायचा. ओट्यावर उभा राहिला की फाटकाबाहेरच्या हमालांनाही कळायचं, आज कोबी पडला की चढला. एका दमात सात-आठ भाव, मध्येच एखाद्या व्यापाऱ्याची टिंगल, त्यातच कुणाच्या मुलीच्या लग्नाची चौकशी, आणि भाव मात्र कुठे चुकायचा नाही. ही दोघं घरात बोलायला लागली की तिसऱ्याला जागा नसायची. मी चार गोष्टी सांगायला म्हणून जायचे आणि त्यांच्या चाळीस ऐकून परत यायचे.

मग एका सकाळी ओट्यावरच दादाची जीभ अडखळली. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गाठ अडकली होती. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायला लागला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी हे सगळं समजावून सांगितलं होतं, पण आम्हाला ते खरं कळलं तो शुद्धीवर आल्यावर. त्याला समजत सगळं होतं. मला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी दोन वेगवेगळ्या चपला घालून आली होती, ते बघून तो हसलासुद्धा. पण बोलायला गेला की नुसता जबडा हलायचा. कितीतरी दिवसांनी पहिला शब्द बाहेर पडला, तो शिवीचा, अस्सल बाजारातला, इंजेक्शन द्यायला आलेल्या नर्सला. वहिनीने नर्सची हात जोडून माफी मागितली आणि बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडून आनंदाने रडली.

घरी आल्यावर व्हायचं तेच झालं. दादाने "मला..." म्हणायचा अवकाश, वहिनीची यादी सुरू, "पाणी? उशी? पंखा? संडासला? उकडतंय का?" तो कंटाळून कशालाही मान डोलावायचा. सरकारी दवाखान्यातून वाचेचे उपचार करायला एक तरुण थेरपिस्ट यायची. तिने आठवडाभर हे बघितलं आणि एके दिवशी वहिनीला स्वयंपाकघरात नेऊन सरळ सांगितलं, "मावशी, यांचे शब्द हरवलेले नाहीत. कपाट शाबूत आहे, किल्ली सापडायला वेळ लागतो. तुम्ही दर वेळी कपाट फोडून वस्तू हातात देताय. मग ते किल्ली शोधतील कशाला?"

माझ्या वहिनीला असं तोंडावर बोलून कुणी धड परत गेलेलं मी पाहिलं नव्हतं. पण ती गप्प बसली. आणि थांबायला शिकली. ते शिकणं मी डोळ्यांनी बघितलंय. दादाला पाणी हवं होतं. तांब्या समोर, तहान त्याला आणि घाम हिला. ओठ दातांत धरून, दोन्ही हात मांडीखाली दाबून ती बसून राहिली. शेवटी "पा... णी" असा शब्द आला तेव्हा तिने तांब्या उचलला आणि आधी स्वतःच घटाघटा प्यायली. दादा खदखदून हसला. आजारानंतर पहिल्यांदाच असा.

पुढे दादाने स्वतःच एक खूण काढली. शब्द जवळ आलाय असं वाटलं की तो डाव्या हाताचा पंजा समोर धरायचा, रस्त्यावरचा पोलीस गाड्या अडवतो तसा. अर्थ एवढाच, येतोय, देऊ नका. वहिनीने त्या पंजापुढे कधी तोंड उघडलं नाही. एकदाही नाही. दूध उतू गेलं तरी नाही.

वहिनीचं केंद्र सुरू झालं ते या पंजातूनच. दादासारखी वाचा गेलेली माणसं गावभर होती, आपापल्या घरात, भिंतीकडे तोंड करून. वहिनीने मुदतीआधी निवृत्ती घेतली, थेरपिस्टला हाताशी धरलं, बंद पडलेल्या टपाल कचेरीवरची खोली मिळवली आणि संस्था नोंदवली. स्वयंसेवी संस्थांना साहाय्य करायची सरकारची एक योजना होती. तिच्या अनुदानातून खोलीचं भाडं, थेरपिस्टचं मानधन आणि माणसं आणायला-पोचवायला एक गाडी एवढं निघायचं. बसची पायरी चढणं त्यांच्यातल्या निम्म्यांना शक्य नव्हतं. ती गाडी बंद म्हणजे केंद्र बंद, इतका साधा हिशोब होता. पंचवीस-तीस माणसं यायची. एक गवंडी, दोन ड्रायव्हर, एक दाताचे डॉक्टर. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांच्याकडे आजारानंतर एकच शब्द उरला होता, "बरोबर." काहीही विचारा, "बरोबर." रागावल्या तरी "बरोबर!" शाळेतली मुलं हे बघायला हवी होती, असं मी म्हटलं तर त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

तिथला नियम एकच. दुसऱ्याचा शब्द आपण बोलायचा नाही. पंजा वर आला की सगळी खोली थांबायची. बाहेरून कुणी आलं तर त्याला वाटायचं, इथे काहीच चाललेलं नाही, नुसती माणसं एकमेकांची तोंडं बघत बसलीत. मग पाहुण्याला राहवायचं नाही, तो मदतीला म्हणून शब्द पुरवायला जायचा आणि कोपऱ्यातून वहिनी कडाडायची, "थांबा!" एका बड्या पाहुण्याला तिने त्याच्याच हस्ते उद्घाटन चालू असताना तीनदा थांबवलं. तेव्हापासून ती थांबाबाई.

अनुदानाचं मात्र दर वर्षी नवं काहीतरी. ते यायचं वर्ष संपता संपता, तोवर वहिनीचं निवृत्तिवेतन केंद्रात जिरायचं. पैसे ठरल्या कामीच लागल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र एका वर्षी दोन प्रतींत, पुढच्या वर्षी पाच. मध्येच एकदा फर्मान आलं, लाभार्थ्यांची प्रगती टक्क्यांत कळवा. वहिनी कार्यालयात जाऊन उभी राहिली. "गवंडीकाकांनी काल बायकोला नावाने हाक मारली. हे किती टक्के धरू?" तिथला अधिकारी तसा चांगला माणूस होता. तो हसून म्हणाला, "बाई, चाळीस लिहा. चाळीसला कुणी काही विचारत नाही."

मग कुठल्याशा संस्थेने नुसता कागदावर वृद्धाश्रम चालवल्याचं उघड झालं, आणि सरकारने सगळं धोरणच बदललं. संस्थाचालकांचं ऐकायचं नाही, ज्यांच्यासाठी पैसा जातो त्यांचंच ऐकायचं. धोरणाचं नाव मोठं गोड, 'लाभार्थ्यांचा आवाज'. मी रागीट आहे, पण आंधळी नाही. विचार चांगलाच होता. शिवाय एकूण निधी कमी झालेला, त्यामुळे निम्म्या संस्था गळणार हेही ठरलेलं. प्रत्येक संस्थेच्या एका लाभार्थ्याने समितीपुढे स्वतः बोलायचं. वेळ दहा मिनिटं. संस्थाचालकांनी मागच्या बाकावर बसायचं आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

वहिनी पुन्हा त्याच अधिकाऱ्याकडे गेली. या वेळी मी बरोबर होते.

"साहेब, आमच्या माणसांना एक वाक्य काढायलाच कधी कधी दहा मिनिटं लागतात. थोडा वेळ वाढवून द्या."

"मला कळतंय हो बाई. पण नियम सगळ्यांना सारखा. तुम्हाला वाढवून दिला तर बाकीचे उद्या माझी गचांडी धरतील. पक्षपात झाला म्हणतील."

"लंगड्याला आणि धावणाऱ्याला एकाच रेषेवर उभं केलं की झाला न्याय?" मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग वहिनीकडे. "या कोण?"

"नणंद," वहिनी म्हणाली. तेवढ्यावर त्याला सगळं समजलं असावं, कारण त्याने आम्हाला चहा मागवला. वेळ मात्र वाढवून दिला नाही.

समितीपुढे जायला दादाच योग्य, यावर केंद्रात कुणाचं दुमत नव्हतं. सगळ्यांत जास्त शब्द त्याच्याचकडे होते. थेरपिस्टने सुचवलं, आधीच मोबाइलवर रेकॉर्ड करू आणि तिथे लावू. दादाने मान हलवली, नाही. वहिनीने चार वाक्यं लिहून दिली. केंद्र बंद पडलं तर आम्ही पुन्हा मुके होऊ, घरच्यांच्या लेखी अडगळ होऊ, अशी. दादाने कागद वाचला, घडी घातली आणि तिला परत दिला. "नाही. मा... झं. मी."

मग रोज दुपारी तो आणि थेरपिस्ट आतल्या लहान खोलीत दार लावून बसायला लागले. वहिनीला आत यायची बंदी. सगळ्या जगाला थांबवणारी ही बाई दाराबाहेर येरझाऱ्या घालायची. थेरपिस्टला तिने आडून विचारलं, उभं विचारलं, चहातून विचारलं. "मावशी, ते त्यांचं आहे. ते सांगतील," एवढंच उत्तर. दादा बाहेर यायचा तो खुशीत. किती वर्षांनी घरात त्याचं असं काहीतरी होतं, जे वहिनीला ठाऊक नव्हतं. मला ते बघून बरं वाटायचं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी गेले, तर वहिनी त्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. झालेल्यालाच पुन्हा.

"नाही आलं त्यांना तर?" ती म्हणाली.

"नाही आलं तर थांबायचं. तूच शिकवलंस ना सगळ्यांना?"

"केंद्रात थांबायला काय जातं गं," ती म्हणाली. "तिथे कुणाची गाडी बंद पडत नाही."

सुनावणीची खोली लांबट होती. टेबलावर हिरवं कापड, झाकण घातलेले पाण्याचे पेले, पलीकडे पाच जण. मधोमध अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, सर्दीने बेजार. कडेला आपला तो अधिकारी, त्याच्या हाताशी टेबलावरची घंटा. आमच्या आधी दुसऱ्या एका संस्थेची मुलगी घडाघडा बोलली, मध्ये एक कविताही म्हणाली आणि वेळ उरवून खाली बसली. मग दादाचं नाव पुकारलं. तो उठला, पाय ओढत टेबलापर्यंत गेला. त्या चालण्याचा वेळसुद्धा त्याच्याच दहा मिनिटांत धरला गेला, हे मी अधिकाऱ्याच्या घड्याळाकडे बघून ओळखलं.

खुर्ची दिली होती, तरी तो उभाच राहिला. ओट्यावर उभा राहायचा तसा.

"मी," तो म्हणाला. "मी... लि... लाव. पुकारायचो."

स्वच्छ. खणखणीत. समितीतल्या दोघांनी माना डोलावल्या. वहिनीने माझं मनगट धरलं.

"आता," दादा म्हणाला. "आता..."

आणि अडकला. त्याचा डावा पंजा वर आला.

मी केंद्रात अशी शांतता शंभरदा अनुभवली आहे. तिथे ती जड वाटत नाही, सगळेच तिच्यात बसलेले असतात. इथे मात्र एक जण कागद चाळायला लागला. एकाने पेल्यावरचं झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं. कुणीतरी हलकेच म्हणालं, "त्यांना पाणी द्या." दुसऱ्याने विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" पंजा तसाच होता. मला त्याचा चेहरा अर्धा दिसत होता. जबडा हलत होता, कानशिलाजवळची शीर उडत होती. मी तो चेहरा ओळखते. शब्द येत होता. माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगेन, येत होता.

अधिकाऱ्याने घंटेकडे बघितलं, वाजवली नाही. अध्यक्षबाई पुढे वाकल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "वेळ संपत आलाय. यांच्या वतीने कुणी बोलणार आहे का?"

माझं मनगट मोकळं झालं. वहिनी उभी होती.

दादाने मागे वळून बघितलं नाही. फक्त त्याचा पंजा आणखी वर गेला.

वहिनी बोलली. चौकशीच्या खिडकीतून बोलायची तशी, न अडखळता, न श्वास घेता. हा माणूस कोण होता, ओट्यावर कसा उभा राहायचा, आजारानंतर लोक त्याला वेडा समजून त्याच्यासमोर त्याच्याबद्दल कसे बोलायचे, रात्र रात्र उशीत तोंड खुपसून कसा रडायचा. अशी तीस माणसं आहेत. हे केंद्र गेलं की ती पुन्हा घरातलं सामान होतील, खुर्ची-टेबलासारखी. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते सर्दीने नव्हे. घंटा वाजलीच नाही. सगळे वहिनीकडे बघत होते. दादाचा पंजा खाली आला, त्याने टेबलाची कड धरली आणि मघाशी नाकारलेल्या खुर्चीत तो बसला, हे त्या खोलीत फक्त मी बघितलं.

परतताना गाडीत वहिनी त्याच्या शेजारी बसली. "अहो," ती म्हणाली, "काय म्हणणार होतात? आता सांगा. मी थांबते. लागेल तेवढा वेळ थांबते." दादा खिडकीतून बाहेर बघत राहिला. बायकोवर रागावला असता, बाजारातली शिवी हासडली असती, तर मला बरं वाटलं असतं. घर येईपर्यंत ती थांबली. घर आल्यावर त्याने काठी घेतली आणि उतरला.

अनुदान मंजूर झालं. एकदम तीन वर्षांसाठी. पत्रात लिहिलं होतं, लाभार्थ्याने केलेले सादरीकरण समितीस अत्यंत परिणामकारक वाटले. वहिनीने ते केंद्रात मोठ्याने वाचलं. गवंडीकाकांनी एका हाताने टेबल बडवलं, ड्रायव्हर रडले, आणि मुख्याध्यापिकांनी तिच्याकडे बघत हळूच म्हटलं, "बरोबर." दादा त्या दिवशी केंद्रात नव्हता. सुनावणीनंतर तो तिथे गेलाच नाही. गाडी दारात येते, हॉर्न वाजतो, तो नाही म्हणून मान हलवतो. थेरपिस्ट घरी येऊन बसली, तरी नाही. ते वाक्य काय होतं, मी तिला विचारलं. "मी सांगितलं तर तेही दुसऱ्याचा शब्द बोलणंच झालं ना, आत्या," ती म्हणाली.

वहिनीशी मात्र मी भांडायला गेले. जाताना रस्ताभर शब्द जुळवत गेले होते.

"का बोललीस? हात वर होता त्याचा. तुला दिसत नव्हता?"

"दिसत होता."

"अजून एक मिनिट होतं."

"होतं ना." ती भाजी चिरत होती, ती थांबली. "आणि त्या मिनिटात शब्द आला नसता तर? तीस घरी मी जाऊन काय सांगितलं असतं? आमचे हे प्रयत्न करत होते, मी थांबले, म्हणून उद्यापासून गाडी येणार नाही?"

मी चिरलेली भाजी उगाच ताटलीत गोळा करायला लागले.

"बोल ना. तू काय केलं असतंस?"

मी पहिल्याच मिनिटाला उठले असते. हे तिलाही ठाऊक होतं. ती चुकली असं मला आजही म्हणता येत नाही, आणि बरोबर केलंस असं म्हणायला जीभ रेटत नाही. समितीवर चिडावं तर अध्यक्षबाईंनी मायेनेच विचारलं होतं. अधिकाऱ्याने तर घंटासुद्धा वाजवली नव्हती. चिडायला मला कुणी माणूसच सापडत नाही, आणि माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नाही.

केंद्र जोरात चाललंय. चार नवी माणसं आली. वहिनी रोज जाते, कोपऱ्यात बसते, कुणाचा पंजा वर आला की पाहुण्यांना थांबवते. पूर्वीपेक्षा कडक झाली आहे म्हणतात.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. तिघं चहाला बसलो. दादा म्हणाला, "मला... ते..." आणि थांबला. वहिनीने पेला खाली ठेवला. मीही. आम्ही त्याच्या हाताकडे बघत होतो. हात मांडीवर होता. वर आला नाही. जबडाही हलत नव्हता. तो काही शोधतच नव्हता. तो वहिनीकडे बघत होता, शांतपणे, तिने बोलावं म्हणून. वहिनी थांबली. चहावर साय धरली. तिचे ओठ दातांत होते आणि डोळे भरले होते, तरी ती थांबली. दादाही थांबला. त्याला कसलीच घाई नव्हती.

शेवटी वहिनी म्हणाली, "साखर?"

दादाने मान डोलावली. तिने डबा पुढे सरकवला, आणि हवी होती की नव्हती कोण जाणे, त्याने चमचाभर साखर घेतली.